वालधुनीचं पाणी घेऊन पुण्याला

अंबरनाथ

आमच्या शाळेची सहल म्हणजे टिटवाळ्याचा गणपती नाहीतर बारवी धरण. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे ठरलेलं. मी नववीत होतो त्या वर्षी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, गायकवाड सर वर्गात आले आणि म्हणाले, "यंदा देव नाही, धरण नाही. यंदा विद्यापीठ."

गायकवाड सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. सडपातळ, उंच, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांच्या घरात कॉलेज पाहिलेले ते पहिले. "मी एकटाच जाऊन आलो, म्हणून मला ते देऊळ वाटलं. तुम्ही सगळे मिळून जा, म्हणजे तुम्हाला ती नुसती इमारत वाटेल," असं ते म्हणायचे. पुण्याच्या विद्यापीठात दोन दिवस विज्ञानाचा मेळा भरणार होता. शाळांनी आपले प्रयोग घेऊन यायचे, मांडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायचे. सरांनी खटपट करून आमच्या शाळेसाठी एक टेबल मिळवलं होतं.

"पण सर, प्रयोग कुठला न्यायचा?" कुणीतरी विचारलं.

"आपल्या दारातलाच. वालधुनी."

वर्ग हसला. वालधुनी म्हणजे आमची नदी, शिवमंदिराच्या अंगाने येते आणि पुढे उल्हासनगरकडे जाते. मंदिरापाशी ती नदीसारखी दिसायची. पुढे कारखान्यांचं पाणी मिसळलं की ती रोज वेगळ्या रंगाची व्हायची. आज लाल, उद्या हिरवी, असं लोक म्हणायचे. मला ती वासाने कळायची. एक वास आला की लोक नाकाला रुमाल लावून "आज हिरवी आहे" म्हणायचे, दुसरा आला की "आज लाल". मी ते वास पाठ केले होते.

सरांचा प्रयोग सोपा होता. लाल जास्वंदीच्या पाकळ्या उकळून त्या पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि वाळवायच्या. अशी पट्टी लिंबाच्या रसात बुडवली तर गडद गुलाबी होते, सोड्याच्या पाण्यात हिरवी. म्हणजे नदीचं पाणी लिंबासारखं आम्ल आहे की सोड्यासारखं अल्क, ते एका फुलाने सांगायचं. आम्ही मंदिरापासून उल्हासनगरपर्यंत ठिकठिकाणी उतरून बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर ठिकाणाची चिठ्ठी लावली. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज मोठा होता. पट्ट्या बुडवायचं काम माझ्या बाकावरच्या सुनीलकडे.

आमची जोडी छान जमली होती. सुनील पट्टी वर काढून ओरडायचा, "हिरवी!" आणि मी सुरू व्हायचो, "म्हणजे मंडळी, या पाण्यात..." सुनील ओरडला नसता तर मला काही सांगता आलं नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं तर माझ्याही नाही. मला वाटायचं, रंग हे पाढ्यांसारखे असतात. बाकीच्यांनी नीट पाठ केलेत, आपण आळस केला. चौथीत मी आंब्याचं झाड रंगवलं होतं, खोड हिरवं आणि पानं तपकिरी. ड्रॉइंगच्या सरांनी ते फळ्याशेजारी टांगलं आणि वर्गाला पोटभर हसू दिलं. तेव्हापासून मी खडूच्या कागदावरचं नाव वाचल्याशिवाय खडू उचलत नसे.

घरी ही गोष्ट आणखी अवघड होती. माझे वडील रंग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या नखांतला रंग रविवारीसुद्धा जायचा नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तयार झालेला रंग नमुन्याशी डोळ्यांनी ताडून बघणारी माणसं असत, पांढरे कोट घातलेली. मी दहावीनंतर डिप्लोमा करावा आणि त्या खोलीत बसावं, एवढंच बाबांच्या मनात होतं. "तिथे एसी असतो," ते सांगायचे, जणू ते काश्मीर होतं. आणि माझं प्रगतिपुस्तक बघून म्हणायचे, "सगळ्यात पुढे, आणि चित्रकलेत का रे असा? लक्ष कुठे असतं तुझं?"

घाटात

बस उल्हासनगरच्या लछमनकाकांची होती. ते मालक आणि तेच ड्रायव्हर. सिंधी माणूस, गोरापान, गळ्यात टॉवेल. पहाटे शाळेपाशी आले ते मोठा डबा घेऊनच. त्यांच्या घरून सगळ्या मुलांसाठी कोकी आली होती. कोकी म्हणजे कांदा-मिरची घालून केलेली जाड, खुसखुशीत रोटी. आमच्या घरी भाकरी मऊ असली तर बाईचं कौतुक व्हायचं. इथे रोटी कडक असणं हेच कौतुक होतं.

"खाओ बेटा, खाओ," लछमनकाका म्हणाले. "मग घाट येणार. पेट खाली नको."

"काका, घाटाआधी कमी खायचं असतं," गायकवाड सर म्हणाले.

"वो मास्तर लोगों का है. ड्रायव्हर लोगों का दुसरा है."

सुनीलने ड्रायव्हर लोकांचं ऐकलं. बदलापूर मागे पडेपर्यंत त्याच्या चार कोकी झाल्या होत्या आणि वर आंब्याचं लोणचं. कर्जतपर्यंत तो गाणी म्हणत होता. खोपोली सोडून बस वळणं घ्यायला लागली तसा तो गप्प झाला, मग पांढरा पडला, मग खिडकीशी गेला. बाटल्यांची पेटी माझ्या मांडीवर होती. एका वळणावर ती निसटली, एका बाटलीचं बूच उडालं आणि उल्हासनगरची वालधुनी आमच्या बसमध्ये पसरली. सगळी बस नाक धरून ओरडायला लागली.

लछमनकाकांनी कडेला बस थांबवली. आम्ही खाली उतरलो. समोर सगळी दरी होती, सकाळच्या धुक्यात बुडालेली, आणि कसलाच वास नव्हता. आधी ते माझ्या लक्षात आलं नाही. काहीतरी नाहीसं झालंय, एवढंच वाटत राहिलं. मग कळलं, आमच्याकडे हवेला जो एक आंबट, जळका वास कायम असतो, तो इथे नाही. मी जन्मात पहिल्यांदा वास नसलेली हवा घेत होतो. बसमधल्या घाणीवर लछमनकाका स्वतः बादली ओतत होते आणि म्हणत होते, "रोज इसके बाजू में रहता हूँ, आज मेरे घर में आ गई."

सुनील दगडावर डोकं धरून बसला होता. "मला टेबलाशी उभं राहता येणार नाही रे," तो म्हणाला.

"येईल, येईल," मी म्हणालो. पण मनात आलं, हा नसला तर रंग कोण ओरडणार?

विद्यापीठ

फाटकातून आत शिरलो तर शाळा, कॉलेज असं काही दिसेचना. नुसती झाडं. वडाच्या पारंब्या रस्त्यावर उतरलेल्या, आणि त्यांच्यातून सायकलवर साडी नेसलेल्या बायका चाललेल्या. आमच्याकडे बाई सायकलवर दिसली असती तर पोरं मागे धावली असती. इथे कुणी वळूनही बघत नव्हतं. दगडी इमारती एवढ्या लांब लांब होत्या की एकीकडून दुसरीकडे जाताना आपण काय बघायला निघालो ते विसरून जावं. एका खोलीत हात लावला की केस उभे करणारा गोळा होता, एका खोलीत काचेच्या पेटीत खरा मेंदू. सकाळी सगळ्यांना कांदेपोहे मिळाले, वर ओलं खोबरं आणि बाजूला लिंबाची फोड. "आपल्याकडे फरसाण घालतात," एकजण कुरकुरला. त्याने दोनदा वाढून घेतले.

सुनील खरंच उभा राहू शकत नव्हता. सरांनी त्याला सावलीत झोपवलं आणि मला विचारलं, "एकटा करशील ना? तुला सगळं पाठ आहे."

मी मान हलवली. पाठ होतंच.

पहिले काही लोक आले तेव्हा मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर निभावलं. कुठल्या बाटलीला काय उत्तर येतं ते मला माहीत होतं. पण घाटात पेटी सांडली होती, आणि बाटल्या पेटीत परत ठेवताना सुटलेल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दोन बाटल्यांपर्यंत मी अजून आलो नव्हतो.

दुपारी एक वयस्कर प्राध्यापक आले. बरोबर पुण्यातल्या एका शाळेची मुलं, कडक इस्त्रीच्या गणवेशातली. मी पट्टी बुडवली, वर धरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पट्टी गुलाबी झाली. म्हणजे मंडळी, या पाण्यात आम्ल आहे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग प्राध्यापक म्हणाले, "बाळ, नीट बघ बरं."

मी बघितलं. मला एक राखाडीसर पट्टी दिसत होती, नेहमी दिसते तशी. "गुलाबीच आहे सर."

मुलं हसली. एकजण म्हणाला, "याला रंगच येत नाहीत!" दुसरा म्हणाला, "बालवाडीत पाठवा." माझे कान तापले. गायकवाड सर धावत आले, त्यांनी पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "अरे, हिरवीगार आहे ही," ते हळू म्हणाले. "गडबडलास का?"

मी पट्टी टेबलावर ठेवली आणि गर्दीतून बाहेर पडलो. कुठे जायचं ते माहीत नव्हतं. एका जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. आपल्यामुळे शाळेचं टेबल गेलं, आता बाबांना कळणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी रडत होतो, चांगला मोठ्याने.

तिथे एक ताई आल्या. टेबलापाशी त्या मागे उभ्या होत्या, हे त्यांनीच सांगितलं. त्या विद्यापीठात पुढचा अभ्यास करत होत्या, डोळ्यांचा आणि दिसण्याचा. सुती साडी, खांद्याला झोळी. माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या झोळीचा रंग कुठला?"

मला राग आला. मी तोंड फिरवलं.

"चेष्टा नाही करत. खरंच सांग."

"खाकी."

"बरं. ही झोळी लाल आहे." त्या हे अशा सुरात म्हणाल्या की जणू मी बरोबरच सांगितलं होतं. "चल माझ्याबरोबर. तुझ्या सरांनाही बोलाव."

त्यांच्या खोलीत एक जाड पुस्तक होतं. प्रत्येक पानावर नुसते ठिपके, लहानमोठे. त्यांनी मधलं एक पान उघडलं. "इथे काय दिसतं?"

"ठिपके."

सर माझ्या खांद्यावरून वाकले होते. "अरे, एवढा मोठा आकडा आहे की!" ते म्हणाले. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. सरांना आकडे दिसत होते, मला ठिपके. प्रत्येक पानाला मी थोडा थोडा खाली बसत चाललो होतो.

मग ताईंनी मागचं एक पान काढलं. "आणि इथे?"

"पाच," मी म्हणालो. स्वच्छ दिसत होता.

सर थांबले. त्यांनी चष्मा पुसला, पान जवळ घेतलं, लांब धरलं. "कुठे आहे पाच?"

"हा काय सर." मी बोटाने गिरवून दाखवला.

"मला तर नुसते ठिपके दिसतायत."

"मलाही," ताई हसल्या. "हा पाच आम्हाला दोघांनाही दिसत नाही. त्याला दिसतो."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग ताईंनी नीट समजावलं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या वेगवेगळ्या पेशी असतात. माझ्यातल्या एका प्रकारच्या पेशी इतरांसारख्या काम करत नाहीत. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसणारच नाहीत, कितीही लक्ष दिलं तरी. याला रंगांधळेपण म्हणतात. "तुझं लक्ष नसतं असं नाही," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे वेगळे आहेत. नजर चांगली आहे, आजार नाही, वाढणार नाही. औषधही नाही."

मी एवढंच विचारलं, "म्हणजे मी पाठ केले तरी येणार नाहीत?"

"नाही. आणि ते तुझं काम पण नाही."

इतकी वर्षं झाली, अनेक लोकांनी माझं कौतुक केलं असेल, पण त्या वाक्याइतकं सुख मला कशाने झालेलं नाही. ते ऐकताच मी परत रडायला लागलो. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"कारखान्यात रंग जुळवायचं काम मात्र याला जमणार नाही," ताईंनी पुढे सांगितलं, कारण मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं होतं. "घरी नीट सांगा. आणि हे आईकडून मुलाकडे येतं. आईला स्वतःला काही होत नाही, तिचा यात काही दोष नाही. पण तुला मामा असतील तर त्यांना विचारून बघ."

दुसरा दिवस

आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर उतरलो होतो. सकाळी सुनील ठणठणीत झाला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो विचारात पडला आणि म्हणाला, "म्हणजे मी ओरडायचो म्हणून तुला कळायचं? मग मी मोठाच माणूस आहे की."

"टेबल कुणी चालवायचं?" सरांनी विचारलं. "सुनील एकटा बोलेल, किंवा..." ते थांबले. "तूच सांग."

रात्रभर माझ्या मनात तेच घोळत होतं. मी म्हणालो, "सर, रंग आपण सांगायचाच नाही. बघायला आलेल्यांनाच विचारायचं."

तसंच केलं. सुनीलने पट्ट्या बुडवून बघून चिठ्ठ्या जुळवल्या. मी पट्टी बुडवून लोकांपुढे धरायचो आणि विचारायचो, "मला हा रंग कळत नाही. तुम्हाला काय दिसतं?" आदल्या दिवशी मला जे लपवायचं होतं, तेच मी ओरडून सांगत होतो. लोक थबकायचे. आधी मला बघायचे, मग पट्टीकडे इतक्या बारकाईने बघायचे जितक्या आदल्या दिवशी कुणीच बघितलं नव्हतं. "हिरवी... नाही, कडेला थोडी निळसर," एक आजी म्हणाल्या. दोन मुलं आपसात वाद घालायला लागली. टेबलाभोवती गर्दी झाली. कालचे प्राध्यापक परत आले, त्यांनी स्वतः पट्टी बुडवली आणि विचारलं, "ही नदी अशी का झाली, ते सांगता येईल का?" ते मला सांगता येत होतं. मी मंदिरापासून सुरुवात केली आणि ते शेवटपर्यंत उभे राहून ऐकत राहिले.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. ते आपोआप चालणाऱ्या पाणचक्कीला गेलं, आणि ती खरंच छान होती. परतताना ताई बसपाशी आल्या. लछमनकाकांनी उरलेली कोकी त्यांच्या हातात कोंबली. "घाट मत जाना इसको खाके," ते म्हणाले.

घरी

आई घाबरली. आंधळेपण हा शब्द तिने ऐकला आणि बाकी काहीच ऐकलं नाही. गायकवाड सर स्वतः आमच्या चाळीत आले होते. त्यांनी दोनदा, तीनदा समजावलं. मग आईने विचारलं, "माझ्याकडून आलं म्हणालात?"

"तुमच्यातून आलं, तुमच्यामुळे नाही," सर म्हणाले.

बाबा नखांतला रंग कोरत बसले होते. सर गेल्यावरही ते कोरतच होते. मला वाटलं, ती पांढऱ्या कोटांची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर बंद होत असणार. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, "बरं झालं आता कळलं. तिथे चिकटल्यावर कळलं असतं तर?" आणि दाराबाहेर गेलेले परत आत आले. "त्या चित्रकलेवरून मी तुला बोललो होतो. ते विसर."

पुढे मी पाणी तपासायच्याच कामात गेलो. तिथे आम्ल मोजायला यंत्र असतं, ते आकडे दाखवतं. आकडे मला पहिल्यापासून दिसतात. त्या पायरीवरच्या ताई, बाह्या दुमडलेले सर आणि पुढच्या वर्षीच्या सहलीलाही आपली बस घेऊन आलेले लछमनकाका नसते, तर मी आजही कुठेतरी चिठ्ठ्या वाचून रंग सांगत असतो.

वांगणी

सहलीनंतरच्या पहिल्याच रविवारी आई मला घेऊन वांगणीला गेली. मामाची तिथे शेती. भात निघालं की तो मिरची आणि वाल लावायचा. मोठा गंभीर माणूस, आम्ही पोरं त्याला दबकून असायचो. तो अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता.

"ये रं भाच्या. पुन्याला गेल्तास म्हनं?"

मी सांगायला लागलो. पट्टी, ठिपके, पाच. तो शेंगा निवडत होता. मग त्याचे हात थांबले.

"लाल आनि हिरवा येकच दिसतो तुना?"

"हो मामा."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. आई त्याच्याकडे बघत होती. मग तो म्हणाला, "मना बा पुढं मिरच्यांत धाडायचा नाय. पिकल्या कच्च्या सगल्या येकत्र तोडून आनायचो. लई मार खाल्ला. बा म्हनायचा, याचं ध्यानच नसतं. मरेस्तवर तेच म्हनत व्हता."

मामी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आनि मी म्हनत व्हते कामचोर! लगीन झाल्यापासून मिरच्या मीच तोडते." पण ती बाहेर आली, पदराने हात पुसत, आणि नवऱ्याकडे अशी बघत उभी राहिली की जणू त्याला आत्ताच कुणी गावातून नवीन आणून बसवलंय.

"मंग मी बेध्यान नव्हतो," मामा म्हणाला. हे त्याने आम्हाला सांगितलं नाही, आणि विचारलंही नाही.

"नव्हतास दादा," आई म्हणाली.

मामा उठला. त्याने घरातून कापडी पिशवी आणली आणि वालाच्या शेंगा भरायला लागला. एकेक शेंग बोटांनी दाबून बघायचा, भरलेली असली तर पिशवीत, पोकळ असली तर बाजूला. पिशवी भरली, तरी त्याला पुरेशी वाटेना. तो आणखी शेंगा काढायला वाफ्यात शिरला.

"एवढ्या कुणाला मामा?" मी विचारलं.

"त्या ताईंना धाडायच्या," तो वाकलेल्या पाठीनेच म्हणाला. "तुज्या मास्तरांना सांग, नासायच्या आत पोचव म्हनावं. आनि सांग, मामाने धाडल्यात."